हात गुंतले की जीव निवांत होतो का? : अनुभव धागा

धागाकर्ती, कोल्हापूर

मागच्या वर्षी श्रावणात मला विषमज्वर झाला आणि सहा आठवडे घरी बसावे लागले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण विश्रांती घेणे ही गोष्ट मला येतच नाही, हे पहिल्या चार दिवसांत लक्षात आले. मी पडून राहत असे, म्हणजे प्रत्यक्षात फोन हातात धरून राहत असे. संध्याकाळी डोळे चुरचुरत आणि दिवसभर काहीतरी उपसल्यासारखा थकवा येई; उपसलेले मात्र काहीच नसे.

ताप उतरल्यावर आईची ट्रंक उघडली. तिची सुती नऊवारी लुगडी त्यात तीन वर्षे पडून होती. देववत नव्हती आणि नेसवतही नव्हती. एका लुगड्याचे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड असते, त्यामुळे तीन लुगड्यांत एक गोधडी आरामात होते. धड कापड वर आणि खाली ठेवले, विरलेले मध्ये पसरले, जमिनीवर ताणून मोठ्या टाक्यांनी टाचून घेतले आणि मग कडेपासून धावदोरा घालत, चौकोनामागून चौकोन घेत आत सरकत गेले. दोऱ्याची रिळे, दोन जाड सुया आणि एक अंगुस्तान एवढाच खर्च झाला, तो शंभर रुपयांच्या आत. पहिले तीन चौकोन मला उसवावे लागले, कारण कापडाला मधोमध फुगा आला होता; हाताने सारखे करत करत पुढे गेले नाही की हे हमखास होते. भाद्रपदात धरलेली गोधडी माघात पूर्ण झाली. येणारा-जाणारा प्रत्येक जण 'अजून किती राहिली' असे विचारायचा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही, हा शोध माझ्यासाठी गोधडीपेक्षा मोठा होता.

या धाग्यावर असेच अनुभव हवे आहेत. काम कोणते, खर्च किती आणि फसले कुठे, हे आवर्जून लिहावे. वस्तू देखणी झालीच पाहिजे असे नाही.

परिचारिका, सोलापूर

मी महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी करते. सकाळी साडेआठला घरी पोहोचते तेव्हा अंग झोपेला आलेले असते, पण कानांत यंत्रांचे आवाज चालूच असतात आणि डोळे मिटले की कुणाचे सलाईन संपत आले असेल याचा हिशेब सुरू होतो. पूर्वी मी तशीच आडवी होत असे आणि अकरापर्यंत कुशी बदलत असे. दोन वर्षांपासून मी आल्यावर हातपाय धुऊन दारात ठिपक्यांची रांगोळी काढते आणि मगच झोपते.

माझी ठरलेली रांगोळी 'पंधरा ते आठ' आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मधल्या ओळीत पंधरा ठिपके द्यायचे, पुढची चौदा ठिपक्यांची ओळ दोन ठिपक्यांच्या मधोमध धरायची, आणि असे एकेक कमी करत दोन्ही बाजूंना आठापर्यंत यायचे. सहा कोनांची आकृती तयार होते आणि एकूण ठिपके १६९ होतात. ते मी एकदा रात्रपाळीच्या वहीमागे गणित करून काढले होते. तेव्हापासून प्रत्येक सकाळी १६९ पर्यंत मोजते आणि त्या मोजण्यात दुसरा हिशेब शिरायला जागा उरत नाही. एखादा ठिपका तिरका पडला तर ते लगेच कळत नाही, शेवटच्या ओळीपाशी येऊन कळते. तोपर्यंत पुसून पुन्हा सुरुवात करण्याइतका जोर राहिलेला नसतो, म्हणून मी ती चूक नक्षीत मुरवून टाकते. रुग्णालयात चूक मुरवता येत नाही. येथे येते, हे मला फार बरे वाटते.

माझे माहेर कुडाळकडचे. तिकडे आजी भाताची तुसे जाळून त्यांची पांढरी राख रांगोळीसाठी वापरत असे. आमच्याकडे दुकानात मिळणारी शिरगोळ्याची पूड असते. किलोभर आणली की महिना निघतो. दुपारी उठेपर्यंत जिन्यातून जाणाऱ्यांच्या पायांनी ती अर्धी पुसलेली असते. सुरुवातीला वाईट वाटायचे. आता वाटते की ती टिकली असती तर मी दुसऱ्या दिवशी काढली नसती.

शिक्षिका, मूळ गाव माण तालुक्यातले

मूळ लेखन मनापासून आवडले, तरी एक गोष्ट खटकली ती नम्रपणे मांडते. गोधडीला आपण आज निवांतपणाची खूण समजतो. माझी आजी गोधड्या शिवायची त्या चिमणीच्या उजेडात, दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आल्यावर, कारण सहा पोरांना पांघरायला विकत आणण्याइतके पैसे नव्हते. तिच्या बोटाला अंगुस्तान नव्हते, सुईच्या मागच्या टोकाने पडलेले घट्टे होते. तिला जर कुणी सांगितले असते की हे स्वतःची काळजी घेणे आहे, तर तिने आधी त्याला पाणी भरायला पाठवले असते.

तरीही त्या कामात तिचे स्वतःचे काहीच नव्हते असे मला म्हणता येत नाही, आणि येथेच माझा गोंधळ होतो. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण सहज म्हणून जातो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, अपमान, सारे त्यात आहे. एवढे बोलायला त्या बायकांना दुसरी जागा नव्हती, आणि दळण संपले की ती जागाही संपत असे. म्हणून मला वाटते की काम कोणते यापेक्षा ते केव्हा थांबवायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की रविवारी पाच ते सहा मला हाक मारायची नाही. हे घरात रुजवायला दीड वर्ष लागले. त्या तासात मी आजीचेच दुसरे काम करते, पण पोट त्यावर नाही म्हणून हळू करते. रद्दी फाडून तीन-चार दिवस पाण्यात भिजवते, मूठभर मेथी वेगळी भिजवून वाटते, दोन्ही एकत्र कुटून लगदा करते आणि पालथ्या घमेल्यावर तेलाचा हात फिरवून तो बोटभर जाडीने थापते. मेथीने लगदा चिकटून राहतो आणि कीड लागत नाही, असे आजी सांगायची. कडक उन्हात चार-पाच दिवसांनी टोपली सुटून येते. वरून जुन्या वहीचे कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे. मेथी सोडली तर खर्च शून्य आहे. पहिली टोपली मी पावसाळ्यात केली आणि तिला बुरशी आली. पावसाळ्यात करू नये, हे आजीला विचारायचे राहून गेले होते.

धागाकर्ती, कोल्हापूर

ताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. तुम्ही लिहिल्यावर ट्रंक पुन्हा उघडून पाहिली. तळाशी आईने अर्धवट सोडलेले एक दुपटे आहे. त्यावरचे टाके लांब लांब आणि घाईत घातलेले आहेत, एका जागी तर दोरा संपला म्हणून दुसऱ्याच रंगाचा जोडला आहे. माझे टाके तिच्यापेक्षा बारीक आहेत याचा मला वर्षभर अभिमान वाटत होता.

निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर घरच्यांनी मला जे जे करू नका म्हणून सांगितले ते सारे मी पूर्वी करतच नव्हतो, त्यामुळे काय सोडावे हा प्रश्न पडला. शेवटी घाई सोडायची ठरवले आणि त्यासाठी मोडी शिकायला बसलो.

भारत इतिहास संशोधक मंडळावरून मी चाळीस वर्षे बँकेत गेलो-आलो. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेली ही संस्था आणि तिथली दप्तरे यांविषयी ऐकून होतो, पण पाटीपलीकडे काही वाचले नव्हते. एका अभ्यासवर्गात बाराखडी शिकलो आणि बाकी घरी गिरवले. साहित्य म्हणजे दोनशे पानी वही, शाईची बाटली आणि बोरू. पहिला बोरू विकत घेतला, नंतरचे कालव्याकाठच्या बोरूच्या काड्या तासून केले. टोक तासणे हेच मुळात एक आठवड्याचे शिक्षण आहे.

मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरे तिला खालून लटकवत जायची. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो, येथे आधी ओळ मान्य करावी लागते. अक्षर शक्यतो हात न उचलता पुढच्या अक्षरात वळते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ह्रस्व-दीर्घाची कटकट नसते. शुद्धलेखनात आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला हा शेवटचा मुद्दा किती सुखाचा वाटला असेल, याची कल्पना करावी. मोडी ही भराभर लिहिण्याची लिपी म्हणून ओळखली जाते, आणि मी ती सावकाश होण्यासाठी वापरतो, हा विनोद माझ्या लक्षात आलेला आहे. पण हात बसेपर्यंत ती तुम्हाला पळू देत नाही. सकाळी एक पान होते, तेवढेच करतो.

फसले असे की मीच लिहिलेले जुने पान मला आठ दिवसांनी वाचता येत नाही. रक्तदाबावर काय परिणाम झाला ते मी सांगणार नाही, कारण गोळ्याही चालूच आहेत.

संगणक क्षेत्रात नोकरी, नाशिक

माझा अनुभव उलटा आहे. टाळेबंदीत क्रोशे शिकले. एक सुई आणि लोकरीचे दोन गुंडे यांवर सुरुवात झाली. वर्षभर फार छान गेले. मग मैत्रिणी म्हणाल्या की तू विकत का नाहीस, आणि मीही खूळ घेतले. पहिल्या दिवाळीला बावीस तोरणांची मागणी आली. कचेरीचे काम संपवून रात्री एकपर्यंत तोरणे विणत होते, आणि विणकामाचे टाके मोजण्याऐवजी तासाला किती रुपये पडले ते मोजत होते. मनगट दुखायला लागले तेव्हा वैद्यांनी विचारले की हे काम थांबवता येईल का, आणि मी 'ग्राहक थांबले आहेत' असे उत्तर दिले. घरी येताना त्या उत्तराची लाज वाटली.

आता विकत नाही. भेटही देत नाही, कारण भेट दिली की पुढच्या बारशाची आठवण करून दिली जाते. एकच चौकोन विणते, उसवते आणि तीच लोकर पुन्हा वापरते. नवऱ्याला हे वेड वाटते. त्याला मी रोज संध्याकाळी त्याच मैदानाला तेच पाच फेरे का मारतोस, असे विचारले.

मूळचे डोंबिवलीचे, सध्या ट्रॉन्हाइम, नॉर्वे

थोडक्यात लिहितो. येथे डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. सकाळी दहाला उजाडते आणि अडीचला मावळते. पहिल्या हिवाळ्यात मी खचलो होतो आणि त्यासाठी डॉक्टरांची मदतही घेतली, हे स्पष्ट लिहितो, म्हणजे केवळ कंदिलाने बरा झालो असा कुणाचा समज होऊ नये. दुसऱ्या वर्षापासून ऑक्टोबरात आकाशकंदील करायला बसतो. कामट्यांऐवजी बागसामानाच्या दुकानातल्या झाडांना आधार देण्याच्या बांबूच्या काठ्या चिरून घेतो, मैद्याची खळ शिजवतो, पतंगी कागद आई पाठवते. चाळीत कामट्यांचे चौकोन बांधण्याचे काम मोठ्या मुलांचे आणि झिरमिळ्या कापण्याचे आम्हा लहानांचे असे, त्यामुळे चौकोन काटकोनात बांधायला मी चाळिशीत शिकलो. पहिल्या कंदिलाला एक बाजू आखूड होती आणि तो सतत एकाच दिशेला तोंड करून लटकत असे. येथे डिसेंबरात लोक खिडकीत कागदी तारे लावतात, त्यामुळे शेजाऱ्यांना आमचा कंदील त्यांच्याच सणाचा वाटतो. मी तो संक्रांतीपर्यंत उतरवत नाही.

घरी राहून आईची देखभाल, अमरावती

आईला स्मृतिभ्रंश होऊन पाच वर्षे झाली. माझे नाव तिला कधी आठवते, कधी नाही. दुपारी तीननंतर ती बेचैन होते, दाराशी जाऊन उभी राहते आणि घरी जायचे म्हणते. मी समजूत घालत असे की आई, हेच घर आहे, आणि तिचा त्रागा आणखी वाढत असे.

एकदा गुरुपौर्णिमेच्या आधी मी वातींसाठी कापूस काढून बसलो होतो. तिने माझ्या हातातून तो घेतला, सरक्या बाजूला केल्या, पिंजून सैल केला, चिमटीत रांगोळीची पूड घेतली आणि फुलवातीचा शेंडा असा पिळला की मी बघत राहिलो. बोटांना काही विसर पडलेला नव्हता. त्यानंतर रोज तीनच्या आधी मी ताटात कापूस ठेवतो. मीही शेजारी बसून वळतो. माझ्या वाती शेंड्याला सुटतात. ती त्या उचलून बघते, काही न बोलता पुन्हा पिळते आणि डब्यात टाकते. रोज बेचैनी टळते असे नाही. परवा तिने अख्खे ताट उलटे केले. पण आठवड्यातल्या चार-पाच दुपारी आम्ही तासभर बसतो, आणि खरे सांगायचे तर दिवसभरात मला मान वर न करता बसायला मिळणारा तो एकच तास असतो.

मागच्या अंगणात देवकापसाचे झाड आहे, म्हणून खर्च नाही. श्रीखंडाचे चार डबे भरून झाल्यावर प्रश्न पडला की एवढ्या वातींचे करायचे काय. आता गल्लीतल्या घरांत आणि देवळात देतो. काल शेजारच्या काकू डबा परत करायला आल्या, तेव्हा आईने त्यांना ओळखले नाही, पण रिकामा डबा पाहून कापूस मागितला.