मदत हवी आहे : श्रद्धेसोबत शंकाही गाणारी गॉस्पेल गाणी

नमस्कार. टेक्सासचे कृष्णवर्णीय गायक वॉशिंग्टन फिलिप्स यांची १९२७ ते १९२९ या काळात डॅलस येथे कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेली गॉस्पेल गाणी, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते, मी काही महिन्यांपासून ऐकत आहे. त्यांतील एक गाणे मनातून जात नाही. आयुष्यभर दुःख सोसून गेलेली माणसे आज स्वर्गात काय करत असतील, असा साधा प्रश्न ते विचारते. तिथे शांती नदीसारखी वाहते, हे सांगतानाही गायक ‘असे म्हणतात’ एवढे जोडतो आणि पुन्हा प्रश्नाकडेच वळतो. मला तर त्या दोन शब्दांतच सारी श्रद्धा आणि सारी शंका एकवटलेली वाटते. (तुकोबांचे विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढल्यामुळेही हे भिडले असावे.)

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला घरच्या बैठकीत हे गाणे मराठीत म्हणावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फिलिप्स यांची साथ पडदे नसलेल्या, झिदर जातीच्या तंतुवाद्याची असून तिचा नाद स्वरमंडलाच्या फार जवळचा आहे. म्हणून जाणकारांना विनंती आहे की, अशा साथीसाठी स्वरमंडल कसे लावावे, हे कृपया सांगावे. तसेच रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांत किंवा मराठी ख्रिस्ती कीर्तनांत असा उत्तराविना राहिलेला प्रश्न कोणाला आढळला असल्यास ती रचना अवश्य कळवावी.