‘शिस्त जपान्यांच्या रक्तातच’ या लेखाला उत्तर

वाटसरू :
परवा एका पुणेकर गृहस्थांनी टोकियो-क्योटोच्या सहलीचं वर्णन लिहिलं. रस्त्यात कचरापेटी नाही तरी कचरा नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही, शाळेतली मुलं वर्ग स्वतः झाडतात, वगैरे. इथवर सगळं खरं. पण शेवटी निष्कर्ष काय, तर ‘ही शिस्त त्यांच्या रक्तातच आहे, आपल्याला सात जन्मांत जमायची नाही.’ हे वाचून डोकं तडकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी टोकियोतल्या निशिकासाईत संसार करते, मुलं इथल्याच शाळेत शिकली. आमच्या शेजारच्या कोतो वॉर्डात १९६५ च्या उन्हाळ्यात माश्यांनी लोकांना सळो की पळो करून सोडलं होतं. यूमेनोशिमा बेटावर टोकियोचा कचरा आणून ओतत होते, तिथून त्या यायच्या. ऑलिंपिक होऊन वर्षही उलटलं नव्हतं! १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांना ‘कचरायुद्ध’ जाहीर करावं लागलं. टोकियोच्याच सुगिनामी वॉर्डातले लोक आपल्याकडे कचरा जाळायची भट्टी होऊ देईनात, तेव्हा १९७३ मध्ये कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. मिनामाताच्या समुद्रात पारा सोडून माणसांना विषबाधा करणारी कंपनीही जपानीच होती. संसदेच्या १९७० च्या अधिवेशनात प्रदूषणाविरुद्ध चौदा कायदे झाले, ते लोक मरत होते, भांडत होते, कोर्टात जात होते म्हणून.

आणि त्या न दिसणाऱ्या पेट्या? १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच ठिकाणच्या काढून टाकल्या.

आज आमच्याकडे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला आहे. बाटलीचं झाकण काढा, वेष्टन सोला, विसळा, मग ठेवा. चुकलात तर गाडी पिशवी उचलत नाही, वर चिठ्ठी चिकटवून निघून जाते. मग ती पिशवी कावळ्यांपासून वाचवायला टाकलेल्या जाळीखाली दिवसभर बिल्डिंगसमोर. नवी राहायला आलेली एक जपानी मुलगी अंधार पडल्यावर आपली पिशवी परत उचलून नेताना मी पाहिली आहे. तिचंही रक्त जपानीच ना? शेजाऱ्यांचा धाक, वॉर्डाचं वेळापत्रक आणि नेमाने येणारी गाडी, या तीन गोष्टींनी ती शिकली.

सातारी_माती :
ताई, इतिहास मान्य, पण त्या माणसावर एवढं तुटून पडायचं कारण कळलं नाही. आठ दिवस फिरायला गेलेला माणूस जे दिसलं ते लिहिणार. तुमच्या तिन्ही गोष्टी आमच्याकडेही करून पाहिल्या. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ओल्या-सुक्याचे वेगळे डबे दिले, दारोदार जाऊन समजावलं. लोकांनी डायपर ओल्यात टाकले आणि वर मलाच विचारलं, ‘मेंटेनन्स कशाचा घेता?’ ‘रक्तात’ म्हणा की ‘संस्कारात’ म्हणा, फरक आहे तो आहे. बाहेर स्थायिक झालेल्यांनी तिथून आम्हाला आशावाद शिकवू नये.

रुळावरून :
लेखात त्या वीस सेकंदांच्या माफीचं फार कौतुक आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मिनामी-नागारेयामा स्टेशनातून त्सुकुबा एक्स्प्रेसची गाडी ९:४४:४० ऐवजी ९:४४:२० ला सुटली, म्हणून कंपनीने माफी मागितली. छान. आता दुसरी बाजू ऐका. २५ एप्रिल २००५, ओसाकाजवळचं आमागासाकी. मोटरमन तेवीस वर्षांचा. आधीच्या स्टेशनात गाडी फलाटाच्या पुढे गेली, दीड मिनिट उशीर झाला. उशीर केला की कामावरून काढून ‘शिकवणी’ला बसवायचे, म्हणजे दिवसच्या दिवस अपमान. ती भीती डोक्यात घेऊन त्याने ताशी सत्तर किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ च्या वेगाने गाडी घातली. १०७ माणसं गेली, त्यात तोही.

मी रेल्वेत सिग्नलच्या कामात हयात घालवली. शिस्त हवीच, पण चूक कबूल करायला माणूस घाबरला की अपघात ठरलेला. सेकंदांचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लिहावं.

तूरडाळ :
कचरा आणि गाड्या बाजूला ठेवा. त्या लेखातलं सर्वांत घातक वाक्य कुणी पकडलंच नाही : ‘शाकाहारींची काही अडचण नाही, आम्ही रोज मिसो सूप आणि भाज्यांचा उदोन मजेत खाल्ला.’ अहो, सुपात आणि उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्श्यात दाशी असते! कात्सुओचा, म्हणजे वाळवलेल्या माशाचा, अर्क! माझ्या सासूबाई माळकरी. जपानात आमच्याकडे आल्या तेव्हा हॉटेलात मी दरवेळी विचारायचे, मांस नाही ना, मासे नाहीत ना? समोरून हसून ‘नाही’. तुकडा नाही म्हणजे नाही, एवढाच त्यांचा अर्थ. महिन्याभराने एका ओळखीच्या बाईंनी खरं सांगितलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि मला आजही ते लागून राहिलंय. असे लेख वाचून लोक आईवडिलांना घेऊन जातात हो.

करलीचे_काटे :
मासे खाणाऱ्यांच्या देशात जायचं आणि सुपात मासा निघाला म्हणून रडायचं? हे मला समजत नाही. मी वेंगुर्ल्याचा. पुण्यात घर शोधताना ‘मासे खाता का?’ विचारून मला तीन दारांवरून परत पाठवलं. एकाने आगाऊ रक्कम घेऊन परत केली. त्या वेळी कुणाला माझ्या आईच्या जेवणाचं वाईट वाटलं नाही. आणि जपान्यांनी मात्र तुमच्या माळेसाठी शेकडो वर्षांची चव बदलायची?

तूरडाळ :
चव बदला असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा. पाकिटावर खूण हवी, एवढंच. आपल्याकडे हिरवा ठिपका असतो तसा. जपानमध्ये अंडं, दूध, गहू, कोळंबी यांची नोंद ॲलर्जीसाठी सक्तीची आहे, म्हणजे काळजी घेता येते. तुम्हाला घर नाकारणारी मी नाही, माझी सासूही नाही. तुमचा राग त्या घरमालकांवर काढा.

वाटसरू :
दोघंही थांबा जरा. जपानी मनात मासा ‘मांसा’त मोडतच नाही, याला जुनं कारण आहे. ६७५ साली सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी घातली, मासा त्यात नव्हता. गोमांस उघडपणे मान्य झालं ते १८७२ मध्ये खुद्द मेइजी सम्राटांनी खाल्ल्यावर. म्हणून वेटर खोटं बोलत नसतो. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत शोजिन, म्हणजे शुद्ध शाकाहारी, जेवण मिळतं, तिथे दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, डबीतली सॉसची पुडी मात्र वाचून घ्या, त्यातही कात्सुओ असतो.

आणि करलीचे_काटे, घर नाकारण्याचं म्हणाल तर इथेही तेच. न्याय मंत्रालयाच्या २०१७ च्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्क्यांना परदेशी आहात म्हणून नकार मिळाला होता. आपली माणसं निशिकासाईत यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत का राहतात? तिथे जामीनदार लागत नाही आणि तोंड बघून घर देत नाहीत.

करलीचे_काटे :
बरं. खुणेचं पटलं, ठिपका असावा. माळकरी बाईंना फसवल्यासारखं झालं, ते वाईटच. पण पुण्याचं मी विसरणार नाही, आणि ‘जपान्यांनी फसवलं’ हा सूरही मला चालणार नाही.

सातारी_माती :
विषय कुठच्या कुठे गेला. माझा प्रश्न तसाच आहे. गव्हर्नरने युद्ध जाहीर केलं म्हणजे वरून इच्छाशक्ती होती. आमच्याकडे ती कुणी आणायची? लोक बदलत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतोय.

फुरसुंगीकर :
इतका वेळ गप्प वाचत होतो. ताईंनी कोतोच्या गाड्या अडवल्याचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आम्हीही अडवल्या होत्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उरावर पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडत आला. विहिरीचं पाणी पिवळं झालं, मुलीला बघायला येणारे पाहुणे नाक दाबून बसायचे. २०१७ मध्ये डेपोला आग लागली, आम्ही गाड्या रोखल्या आणि शहरात ढीग साचले. तेव्हा लोक काय म्हणाले? ‘गावकऱ्यांनी पुणं वेठीला धरलं.’ टोकियोत गाड्या अडवल्या त्याचं ‘युद्ध’ झालं आणि तडजोडीने सुगिनामीला भट्टी स्वीकारावी लागली. आम्ही अडवल्या तर आम्ही अडाणी. सातारी_माती, इच्छाशक्ती कुणी आणायची विचारता ना? ज्याच्या दारात कचरा पडतो तो आणतो. तुमच्या सोसायटीचा ट्रक कुठे रिकामा होतो ते एकदा जाऊन बघा.

सातारी_माती :
‘रक्तात’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. ट्रक कुठे जातो ते मी सेक्रेटरी असताना कधी विचारलं नाही, हे खरं आहे. पण डायपर ओल्या डब्यात टाकणाऱ्याला चिठ्ठी चिकटवून पिशवी दारात ठेवायची म्हटलं, तर आमच्याकडे त्याच संध्याकाळी मारामारी होईल. ती कशी थांबवायची, ते कुणी सांगत असेल तर ऐकायला तयार आहे.