पहिली मोठी स्पर्धा, १० मीटर एअर पिस्तूल: कागदी टार्गेटवरून थेट इलेक्ट्रॉनिकवर

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. राज्य स्पर्धेतून ग. वा. मावळणकर अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धेसाठी नाव गेलंय. रेंज भोपाळची, हातात पाच आठवडे. इथे सराव मोटरवर येणाऱ्या कागदी टार्गेटवर, इलेक्ट्रॉनिकवर एकदाही उभा राहिलेलो नाही. सरावात ६०० पैकी ५५५ ते ५६२ पडतात, राज्य स्पर्धेत मात्र ५४१ झाले आणि त्यात पहिली दहा शॉटची सिरीजच ८६ची.

विचारायचंय ते असं. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीला, पिस्तुलाचं नेमकं काय बघतात? मॅचआधीची सरावाची १५ मिनिटं कशी वापरायची? गोव्याहून पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर न्यायचा कसा? आणि घामाने ग्रिप हातात फिरते, तर नवी मागवू का?

काळा_ठिपका

ग्रिपचं आधी, कारण तिथेच बहुतेकजण पाय घसरून पडतात. पाच आठवड्यांवर स्पर्धा असताना नवी ग्रिप नको. हात नव्या ग्रिपला सरावायला दोन-तीन महिने लागतात, तोवर समोरची साईट दर वेळी वेगळ्या कोनात वर येते आणि माणूस मनगटाने ती ओढून जागेवर आणत बसतो. आहे त्याच ग्रिपवर जिथे पोकळी जाणवते तिथे लाकडी पुट्टीचा पातळ थर द्या, सुकल्यावर कानशीने घासा. तेही या आठवड्यातच, नंतर हात लावू नका. तपासायची रीत सोपी: डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत मध्ये दिसली पाहिजे. दहातून आठ वेळा दिसली की ग्रिप ठीक.

घामाचं म्हणाल तर आपल्याकडच्या दमट हवेत तळवा ओला राहतो, म्हणून मुठीचा दाब नकळत वाढतो. तिकडच्या कोरड्या थंडीत तोच तळवा सुकतो, बोटं थोडी बारीक होतात आणि ग्रिप ढिली वाटायला लागते. पुट्टी भरताना एवढी जागा धरून चला.

आता तपासणी. पिस्तूल पूर्ण सामानासह १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. पुट्टीने फुगलेली ग्रिप नेमकी ५० मिलिमीटरच्या बाजूला अडकते. ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे, नळी उभी धरून, हवेचा दाब भरलेला असताना. तीन प्रयत्न मिळतात. लोक ट्रिगर बरोबर ५००वर लावतात, तिथेच चुकतं. स्क्रू प्रवासात हलतो, थंडीत ट्रिगरचं वागणं थोडं बदलतं, आणि मॅच संपल्यावर लेनवरून कुणालाही पुन्हा तपासणीला बोलावतात. तेव्हा नापास म्हणजे साठच्या साठ शॉट गेले. ५१५ ते ५२० ठेवा. वीस ग्रॅमने कुणाचा नेम जात नाही.

बूट घोट्याच्या हाडाच्या खाली. नेमाच्या हातात घड्याळ, कडं, मनगटपट्टा काही नको. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. डोळ्याच्या बाजूची झापड ४० मिलिमीटरपेक्षा खोल नको, न वापरत्या डोळ्यासमोरची ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. निळी जीन्स घालून लेनवर जाऊ नका. सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची, नळीत ओवायची खूण) दोन न्या, एक हमखास हरवतो.

ओ_रिंग

सिलिंडरचं मी सांगतो.

सिलिंडरवर कोरलेली तारीख आज बघा. दहा वर्षं उलटली असतील तर तो वापरता येत नाही आणि ही जबाबदारी नेमबाजाची, आयोजकांची नव्हे. कुणाचा जुना सिलिंडर स्वस्तात घेतला असेल तर हे आधी तपासा.

भरताना घाई केली की सिलिंडर तापतो, काटा २०० बार दाखवतो. तासाभराने गार झाल्यावर तोच १८० किंवा त्याखाली येतो. वॉल्व्ह अगदी सावकाश उघडा, गार होऊ द्या, मग वरचं पुन्हा भरा. साईटर (मॅचआधीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) धरून मॅचला ८० ते ९० शॉट जातात, म्हणून शेवटची भरणी मॅचच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी रांग असते आणि मोठ्या टाकीचा दाबही तोवर उतरलेला असतो. तुमच्या पिस्तुलाचा अडॅप्टर स्वतःचा न्या, तिथे मिळेलच या भरवशावर राहू नका. सोबत त्याच मापाच्या चार ओ-रिंगा (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) आणि सिलिकॉन ग्रीस. साधं तेल, शिलाई मशीनचं तेल वगैरे दाबाच्या हवेजवळ अजिबात लावायचं नाही. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

विमानाने जाणार असाल, दाबोळी काय आणि मोपा काय, सिलिंडर काढून पूर्ण रिकामा करावा लागतो. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर स्वतःहून सांगून. विमान कंपनीला आधी मेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत खिशात ठेवा. काउंटरवरचा माणूस एअर पिस्तूल पहिल्यांदाच बघत असतो, तेव्हा तीन तास आधी पोचा. खरेदीचं बिल, रायफल असोसिएशनचं ओळखपत्र, राज्य संघटनेचं पत्र आणि स्पर्धेची एन्ट्री, चारही कागद एकाच पाकिटात.

मी म्हणेन गोवा एक्सप्रेस घ्या. वास्को, मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत ती थेट भोपाळला जाते, गाडी बदलायची कटकट नाही. पेटी बर्थखाली साखळीने बांधा आणि डब्यात कुणाला दाखवायला उघडू नका. मॅचच्या किमान दोन दिवस आधी पोचा, पहिला दिवस प्रवासाने आंबलेल्या खांद्याचा असतो.

पेलेटही विसरू नका. पावसाळा काढलेल्या डब्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, ती नळीत जाते. दोन डबे न्या, पण एकाच लॉटचे. ४.४९ आणि ४.५० दोन्ही चालतील असं म्हणू नका; पिस्तूल शिकंज्यात बांधून दहा-दहा मारून बघा आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, लहान तोच लॉट उचला.

फोंडेकर_रायफल

वरचं सगळं पटलं, पण ८६ची सिरीज ना ग्रिपची ना सिलिंडरची. ती पंधरा मिनिटांची आहे.

बहुतेक नवखे ही १५ मिनिटं साईटर मारण्यातच घालवतात. पंचवीस-तीस मारतात, चांगला ग्रुप तिथेच खर्च होतो आणि 'मॅच फायरिंग, स्टार्ट' ऐकू येतं तेव्हा खांदा थकलेला असतो. असं करून बघा. पहिली तीन मिनिटं फक्त उभं राहणं: पायांची जागा, डोळे मिटून हात उचलणं, हात डावी-उजवीकडे जात असेल तर मागचा पाय सरकवणं. मग पाच-सहा ड्राय, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढणं. त्यानंतर दहा-बारा साईटर. साईटला हात लावायचा तो चार-पाच शॉटचा ग्रुप बघून, एका आठवर कधीच नाही. शेवटची दोन मिनिटं पिस्तूल खाली, पाणी, श्वास. वेळ संपायला तीस सेकंद असताना पुकारा होतो, तेव्हा हात वर असता कामा नये. साईटर थांबवल्यावर आणि 'स्टार्ट'च्या आधी सुटलेल्या शॉटला दंड आहे.

साईटचं गणित घरूनच करून जा. पाच शॉट मारा, साईटच्या स्क्रूचे दहा क्लिक (खटके) उजवीकडे द्या, पुन्हा पाच मारा, दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजून दहाने भागा. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची असते, दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. म्हणजे ग्रुप डावीकडे नऊच्या मध्यावर बसला तर किती क्लिक, हे तोंडपाठ पाहिजे. हॉलमधला उजेड आपल्या उघड्या रेंजपेक्षा वेगळा असतो, ग्रुप वर किंवा खाली सरकणार हे गृहीत धरा आणि साईटरमध्येच निपटा.

वेळ: कागदावर ६० शॉटना ९० मिनिटं, इलेक्ट्रॉनिकवर ७५. ऐकायला कमी वाटतं, पण कागद बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. पहिल्या दहाला १२ मिनिटं द्या, पुढच्या सिरीजना नऊ-दहा. सगळं धरून तेरा ते अठरा मिनिटं शिल्लक राहतात आणि ती कुठेतरी लागतातच. हात स्थिरावल्यावर आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर खाली आणा. मॅचमध्ये हे जमत नाही, कारण सरावात कुणी करतच नाही. सरावात साठ शॉटमागे किमान दहा वेळा मुद्दाम हात खाली आणा.

आणि मॉनिटरकडे प्रत्येक शॉटनंतर बघू नका. दहाव्या शॉटनंतर बघा.

काळा_ठिपका

शेवटच्या वाक्याला माझा विरोध. रायफलवाल्यांचं ठीक आहे, पण पिस्तुलात प्रत्येक शॉट बघायला हवा, नाहीतर ग्रुप सरकलेला सिरीज संपेपर्यंत कळणार नाही. घात करते ती बेरीज. मान न वळवता फक्त डोळ्याने शॉटची जागा बघा, फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यावरही हात क्षणभर तसाच रोखणं) पूर्ण झाल्यावर. पडद्यावरचा एकूण आकडा दिसू नये म्हणून त्या कोपऱ्यावर टोपीची सावली पडेल असं काहीजण उभे राहतात, ते जरा अतीच. पण 'आता चार दहा मारले तर ९४' हे मनात आलं की पिस्तूल टेबलावर ठेवा, खुर्चीत बसा, एक मिनिट जाऊ द्या.

इलेक्ट्रॉनिकचे दोन खास घोळ. पहिला: मॅचचा पहिला शॉट मारण्याआधी पडद्यावर साईटरची खूण गेली की नाही ते बघा. गेली नसेल तर हात वर करून आरओला, म्हणजे रेंज ऑफिसरला, बोलवा. दुसरा: शॉट मारला आणि पडद्यावर आलाच नाही, तर लगेच दुसरा मारायचा नाही. हात वर, आरओला सांगा. तो सांगेल तेव्हा नेम धरून एक जादा शॉट मारायचा. गडबडून दुसरा मारला तर पुढे कुठला कुणाचा ते सिद्ध करता येत नाही. तुमची चूक नसताना तीन मिनिटांपेक्षा जास्त अडथळा आला तर तो वेळ भरून मिळतो. पाचपेक्षा जास्त झाला किंवा लेन बदलावी लागली तर वर पाच मिनिटं आणि साईटरही मिळतात. मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही.

लेन नंबर दर वेळी हात उचलताना वाचा. शेजाऱ्याच्या टार्गेटवर मारलेला दहा म्हणजे तुमचा शून्य.

इथे सराव कसा करायचा: आठवड्यातून दोनदा पूर्ण मॅच, कागद असला तरी कागद बदलायचा वेळ वगळून ७५ मिनिटं धरून. मित्राला मागे उभा करून इंग्रजीतले हुकूम म्हणायला लावा, शेवटची दहा आणि पाच मिनिटं उरल्याचा पुकाराही. शेवटच्या आठवड्यात शॉट निम्मे, ड्राय तेवढीच. आदल्या दिवशी अर्धा तास, बस.

फोंडेकर_रायफल

पिस्तुलाचं मान्य, मागे घेतो.

रायफलवाले कुणी वाचत असतील तर एक ओळ: जॅकेट गोव्याच्या दमटपणात मऊ पडतं, बुरशी धरतं, तेच भोपाळच्या थंड सकाळी ताठ होतं आणि कडकपणाच्या चाचणीत किमान ३ मिलिमीटर दबायला हवं ते दबत नाही. तपासणीआधी अर्धा तास अंगात घालून ठेवा, ऊब आली की सुटतं.

ओ_रिंग

औषधांबद्दल कुणीच बोललं नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रानोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, नेमबाजीत स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही बंदी. रक्तदाबासाठी, अर्धशिशीसाठी, हात थरथरतो म्हणून डॉक्टर सहज लिहून देतात. चालू असेल तर आज डॉक्टरांशी बोला आणि परवानगीचा अर्ज करा. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते मॅचच्या आसपास टाळा.

खाणं मॅचच्या दोन-अडीच तास आधी. तिकडे सकाळी पोहे-जिलेबी समोर येते. पोहे खा, जिलेबी मॅचनंतर. पेज मिळाली असती तर ती सगळ्यात बरी, पण भोपाळात कुठली पेज! चहा-कॉफी रोज जेवढी घेता तेवढीच. एकदम बंद केली तर डोकं धरतं.

बाय द वे, ज्यांच्या नावाची स्पर्धा ते ग. वा. मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी करणारेही तेच.

मांडवीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सिलिंडरला अजून चार वर्षं आहेत. ट्रिगर मात्र घोळाचा निघाला. किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं वजन तारेने टांगून बघितलं. पहिल्यांदा उचललं, पुढच्या दोन्ही वेळा सुटलं. स्क्रू किती फिरवू?

काळा_ठिपका

आधी तार आणि वजन एकत्र सोनाराच्या काट्यावर तोला, तारेचेच पाच-दहा ग्रॅम असतात. मग तार ट्रिगरच्या मधोमध अडकवा, टोकाला अडकवली तर लवकर सुटते. पिस्तूल झटका न देता सरळ उचला. तरीही सुटलं तर दुसऱ्या टप्प्याच्या वजनाचा स्क्रू पाव फेरा आवळा, पहिल्या टप्प्याला हात लावू नका, आणि लागोपाठ दहा वेळा उचलून बघा. दहाही वेळा टिकलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे प्रवासात हलला तर चिरलेला दिसेल.