भूमिका आटल्या म्हणून दिग्दर्शन? तारखा तसे सांगत नाहीत

अभिनेते अमोल पालेकर नायकाच्या भूमिका मिळेनाशा झाल्यावर दिग्दर्शनाकडे वळले, असे मत इथल्या चर्चेत कुणीतरी मांडले आहे; ते मला मान्य नाही. नायक म्हणून त्यांचा ‘गोलमाल’ १९७९ चा आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ १९८१ चा. म्हणजे लोकप्रियता ऐन भरात असतानाच त्यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडावर बेतलेला, प्रेक्षकाला मुळीच न गोंजारणारा चित्रपट केला आणि त्यातली क्रूर भूमिकाही स्वतःच केली. हे धाडस होते, नाइलाज नव्हे.

त्यांनी दिग्दर्शित केलेली दूरदर्शनवरील मालिका ‘कच्ची धूप’ (१९८७) मात्र या चर्चेत राहूनच गेली. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी ती मालिका लागली, की आई कणकेने माखलेल्या हातांनीच उंबऱ्यावर येऊन बसे, आणि मालिकेतल्या बहिणींची भांडणे पाहताना आम्हा बहिणींकडे वळून हसत असे.