रॉब की स्टील?

प्रश्न: 'माय फोन वॉज रॉब्ड' हे वाक्य चूक का? अर्थ चोरीचाच ना?

प्रतिसाद १: कर्म बघा. स्टीलचं कर्म म्हणजे गेलेली वस्तू. रॉबचं कर्म म्हणजे जिला झळ बसली ती व्यक्ती किंवा बँक. म्हणून 'माय फोन वॉज स्टोलन', पण 'आय वॉज रॉब्ड'. रॉबसोबत वस्तूही सांगायची तर 'ऑफ' लागतो: 'दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच'. मराठीत 'दागिने लुटले' आणि 'प्रवाशाला लुटलं' दोन्ही चालतं, गोंधळ तिथूनच होतो.

प्रतिसाद २: पोलिसांत तक्रार इंग्रजीत देणार असाल तर जास्त जपा. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३, जबरी चोरी (रॉबरी) ३०९. जबरी चोरी ठरायला मारहाण किंवा धाक हवा. लोकलमध्ये नकळत पाकीट मारलं गेलं तर स्टीलच.

प्रतिसाद ३: घरफोडी करण्याला ब्रिटनमध्ये बर्गल, अमेरिकेत बर्गलराइझ.