मदत हवी आहे : पेपरातली नोकरी जातेय, नाशिकच्या शेतमालावर ब्लॉग लिहून घर चालेल का? (जुलै 2020)

नमस्कार. नाशिकच्या एका दैनिकात जिल्हा डेस्कवर मी 14 वर्षं उपसंपादक आहे. लॉकडाऊनपासून जाहिराती आटल्या, पानं निम्म्यावर आली, तालुक्याच्या वार्ताहरांचं मानधन थांबलं. सोमवारी फोन आला, "शुक्रवारपर्यंत राजीनामा मेल करा, दोन महिन्यांचा पगार देऊ." लेखी काहीच नाही. चौघांनी दिला. मी अजून दिलेला नाही. फ्लॅटचा हप्ता चालू आहे आणि मिस्टरांच्या अंबडच्या कंपनीत आठवड्यातून तीनच दिवस काम उरलंय.

दुसरीकडे नोकरी शोधावी तर सगळीकडे हीच परिस्थिती. म्हणून ब्लॉगचा विचार करतेय. विषय ठरलेला आहे. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, आणि सगळ्यात आधी द्राक्षं. निफाड-दिंडोरीत दर हंगामात बाहेरचा एखादा व्यापारी बागेतून माल उचलतो, चेक देतो, तो वटत नाही, आणि फोन बंद. वर्षभराचा खर्च, औषधांची उधारी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या एका चेकवर असतं. आम्ही मात्र आतल्या पानावर चार ओळी लावून मोकळे व्हायचो, कारण जागा नसायची. त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं हे कुणीच लिहीत नाही. मला ते लिहायचं आहे.

माझ्यापुढचे प्रश्न असे. राजीनामा द्यावा का? कुणी नोटीस पाठवली तर आतापर्यंत पेपर पाठीशी असायचा, आता कोण? माझ्या जुन्या बातम्या ब्लॉगवर घेता येतील का? आणि मराठी ब्लॉगवर खरंच पैसे मिळतात का? अनुभव असलेल्यांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

प्रतिसाद

ताई, राजीनामा अजिबात पाठवू नका. तो तुम्ही स्वखुशीने दिला असंच धरलं जातं आणि नोकरकपातीची भरपाई मागायची वाटच बंद होते. सध्या (2020) लागू असलेल्या श्रमिक पत्रकार कायदा, 1955 प्रमाणे कपात करायची तर संपादकाला 6 महिन्यांची आणि इतर पत्रकारांना 3 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय औद्योगिक विवाद कायद्याखाली प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार. तुमच्या 14 वर्षांचे 210 दिवस होतात. ग्रॅच्युइटी वेगळीच. फक्त नेमणूकपत्र काढून बघा, मध्येच कधी करारावर सही घेतली असेल तर आधी कामगार उपायुक्त कार्यालयात ते दाखवून या.

जुन्या बातम्यांचं : 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वर्तमानपत्र-मासिकातल्या प्रसिद्धीपुरता हक्क मालकाचा, बाकी बाबतीत लेखकाचा, असं आहे. पण नेमणूकपत्रात वेगळी अट असेल तर तीच चालते. त्यापेक्षा नव्याने लिहा.

बदनामीच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून व्यापाऱ्याचं नाव छापण्याआधी काटापट्टी (मालाच्या वजनाची पावती), चेक परत आल्याचा बँकेचा कागद आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत हातात ठेवा. त्याची बाजू विचारल्याची नोंदही ठेवा.

अॅडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवरच्या गूगल जाहिरातींचे, पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत. मला तिथवर पोचायला सात महिने लागले. हप्ता त्यावर धरू नका, निदान वर्षभर भाषांतराची कामं घ्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आत्ताच मेल केला : "मी राजीनामा देत नाही, जे असेल ते लेखी कळवा." हात थरथरत होते. नेमणूकपत्र सापडलं, पण 2016 मध्ये "पदनामात बदल" म्हणून एका कागदावर सही घेतली होती, त्याची प्रत माझ्याकडे नाही. ती मागायचा अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे नमुना आहे का? शुक्रवारच्या आत हवा आहे.