गांजा आणि मेंदूतल्या नव्या पेशी
गांजाने मेंदूत नव्या पेशी वाढतात, म्हणून बिनधास्त ओढा असं काहीजण सांगतात, पण ज्या २००५ च्या कॅनडातल्या अभ्यासावरून हे पसरलं त्यात गांजा नव्हताच, एचयू-२१० नावाचं लॅबमध्ये बनवलेलं, टीएचसीपेक्षा (गांजातला नशा आणणारा घटक) कितीतरी पट स्ट्राँग केमिकल होतं आणि तेही उंदरांना दिलेलं. त्यावरून कॉलेजच्या पोरांना ओढा बिनधास्त म्हणून सांगणं मला खरंच धोक्याचं वाटतं.

दुसरी बाजू कुणी मांडलीच नाही, २००० साली उंदरांवरच्याच प्रयोगात मॉर्फिन आणि हेरॉइन या दुसऱ्या नशेच्या पदार्थांनी हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) नव्या पेशी कमी झालेल्या. आणि माणसात मोठेपणी अशा पेशी बनतात का यावरच २०१८ मध्ये दोन टीमनी एकदम उलट निष्कर्ष काढलेत, एक म्हणते लहानपणीच जवळपास थांबतं, दुसरी म्हणते सत्तरीतही चालू असतं.